भूखंडविभाजन : औरंगाबादची छावणी व परिसर

भूखंडविभाजन : एखाद्या सलग भूक्षेत्राचे बांधकामयोग्य भूखंडांत तुकडे पाडणे आणि तसे करताना रस्ते, मोकळ्या जागा, पाणीपुरवठा, मलनिःसारण, वीज इ. सेवांसाठी जागा राखून ठेवणे, यास भूखंडविभाजन म्हणतात. अशा विभाजनाच्या मंजूर नकाशास रेखांकन (ले-आउट) ही संज्ञा रूढ आहे. नगररचनेच्या सर्व नियमांत हा नियम सर्वांत कमी चर्चिला जातो. पण त्याचे परिणाम सर्वांत दीर्घकाळ टिकतात. घर पाडून नवे बांधता येते, त्यावर मजले चढविता येतात, ते विकताही येते. परंतु पहिल्या नकाशावर जो रस्ता सोडला गेला नाही, तो पुढे मिळविण्यास उभी घरे पाडावी लागतात. जलवाहिनी व मलवाहिनी रस्त्याखालूनच जात असल्याने रस्त्याची रेषा हीच पाण्याची व सांडपाण्याचीही रेषा ठरते.

या नियमांचा इतिहास अभ्यासण्यास छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद, नामांतर २०२३) हे शहर विशेष उपयुक्त आहे. खाम नदीच्या पूर्वेस मलिक अंबरने वसविलेले व मोगलांनी तटबंदीने वेढलेले जुने शहर, पश्चिमेस लष्करी छावणी, पूर्वेकडे ‘सिडको’ची आखीव वसाहत आणि या सर्वांच्या मधून व भोवताली पसरलेल्या गुंठेवारी वस्त्या, अशा चार प्रकारच्या भूव्यवस्था येथे काही किलोमीटरांच्या अंतरात एकमेकींस लागून आहेत. रस्ता कोणी सोडावयाचा, या एकाच प्रश्नाला या चार ठिकाणी चार वेगवेगळी उत्तरे मिळाली.

जुने शहर : मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी येथे शहर वसविले. तेथे भूखंडांच्या आधी पाण्याची योजना झाली, ही लक्षात घेण्याजोगी गोष्ट होय. उत्तरेकडील डोंगरपायथ्याचे भूजल गोळा करून ते भुयारी मार्गाने व खापरी नळांतून शहरात आणणारी नहर-ए-अंबरी ही व्यवस्था केवळ उताराच्या बळावर चाले. नळांतील हवा निघून जावी व पाण्याचा दाब आवरावा, यासाठी ठिकठिकाणी दगडी मनोरे उभारलेले असत. पुढील काळात या व्यवस्थेस आणखी नहरी जोडल्या गेल्या. पाणचक्कीची नहर सर्वांस परिचित आहे आणि नहरींच्या यादीत छावणी नहर असेही एक नाव आढळते. नहर जेथून जाई तेथे हौद, हौदाभोवती चौक व चौकातून फुटणारे बोळ, असा वस्तीचा क्रम होता.

घरांच्या जागा वाटण्याचा मात्र लिखित नियम नव्हता. मोहल्ल्यातील बोळ ही त्या मोहल्ल्याची सामाईक बाब मानली जाई. भावाभावांत वाटणी झाली की वाड्याचे दोन वाडे होत आणि मागच्या भावास ये-जा करण्यापुरती वाट राखली जाई. माणूस, पालखी व लादलेला बैल जाऊ शकेल इतकी रुंदी तीस पुरे असे. या व्यवस्थेला अव्यवस्था म्हणण्याची घाई करू नये, कारण तीत पाणी, सावली व शेजार यांचा नेमका विचार होता. तथापि विसाव्या शतकातील मलवाहिनी, मोटार व अग्निशामक बंब यांचा विचार तीत असणे शक्यच नव्हते. २०११ मध्ये महानगरपालिकेने जुन्या शहरात रस्तारुंदीकरणाची मोठी मोहीम हाती घेतली, तेव्हा अनेक घरांचे दर्शनी भाग पाडावे लागले. पूर्वी न सोडलेल्या रस्त्याची किंमत अशी पुढच्या पिढ्यांनी मोजली.

छावणी : निजामाच्या खर्चाने व ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या हाताखाली उभारलेल्या फौजेचे औरंगाबाद हे एक प्रमुख ठाणे होते. १८५३ च्या तहानंतर या फौजेस ‘हैदराबाद कंटिंजंट’ हे नाव मिळाले. जून १८५७ मध्ये तिच्या येथील घोडदळात उठाव झाला व तो पुण्याकडून आलेल्या जनरल वुडबर्नच्या सैन्याने मोडून काढला. वऱ्हाडसंबंधीच्या १९०२ च्या करारानंतर कंटिंजंटचे स्वतंत्र अस्तित्व संपून तिची पथके हिंदुस्थानी सैन्यात सामील झाली. मराठवाड्यातील हिंगोली व मोमिनाबाद (अंबेजोगाई) ही ठाणी उठली, औरंगाबादची छावणी मात्र राहिली. महाराष्ट्रात पुणे, खडकी, देहूरोड, देवळाली, अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) व कामठी यांच्या जोडीने तिची गणना होते.

छावणीची रचना जुन्या शहराच्या उलट क्रमाने झाली. आधी कवायतीचे मैदान व बराकी, नंतर त्यांना जोडणारे सरळ रस्ते, रस्त्यांच्या कडेने अधिकाऱ्यांचे ऐसपैस आवारांचे बंगले आणि एका अंगास व्यापारी, कारागीर व सेवकवर्ग यांचा सदर बाजार, हा नकाशा बहुतेक सर्व छावण्यांत थोड्याफार फरकाने आढळतो. येथे रस्ता ही भूखंड पाडून उरलेली जागा नव्हती. उलट रस्ते आखून झाल्यावर उरलेल्या जागेत भूखंड बसविले गेले. याचे कारण सौंदर्यदृष्टी नसून मृत्यूचे आकडे होते. हिंदुस्थानातील सैन्याच्या आरोग्यासंबंधी १८५९ मध्ये नेमलेल्या शाही आयोगाने १८६३ मध्ये अहवाल सादर केला. हिंदुस्थानातील ब्रिटिश सैनिकांचा वार्षिक मृत्युदर हजारी ६९ असल्याचे व त्याचे मुख्य कारण लढाई नसून पटकी, विषमज्वर, हगवण यांसारखे रोग असल्याचे त्याने दाखवून दिले. या अहवालामागे फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचे मोठे परिश्रम होते. पाठोपाठ १८६४ चा छावण्यांचा कायदा आला. १८८९ चा कायदा, १८९९ ची छावणी-संहिता, १९१० चा कायदा आणि शेवटी १९२४ चा छावणी अधिनियम, अशी ही परंपरा पुढे चालू राहिली. निजामाच्या राज्यातील छावण्यांना ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे आपोआप लागू नव्हते. परराज्यातील अधिकारक्षेत्रासंबंधीच्या खास आदेशांनी ते लागू केले जात.

सदर बाजारातील घरांच्या मागून सफाईगल्ली ठेवण्याची पद्धत ही या आरोग्यविषयक नियमांचीच निष्पत्ती होय. समोरचा रस्ता घरमालकाचा व मागचा बोळ मैला वाहून नेणाऱ्याचा, अशी विभागणी नकाशावरच केलेली असे. जातिव्यवस्था नगररचनेच्या नियमात कशी शिरते, याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण. नियम करणारे ब्रिटिश होते आणि ते राबविण्यास लागणारी माणसे येथील समाजव्यवस्थेने आयती पुरविली. डोक्यावरून मैला वाहण्याच्या प्रथेविरुद्ध केंद्राचा कायदा १९९३ मध्ये व त्याहून कडक कायदा २०१३ मध्ये झाला. अशा गल्ल्यांचा पुढे बऱ्याच गावांत मलवाहिन्या टाकण्यासाठी उपयोग झाला. ज्यांना मागच्या दारानेच येण्याची मुभा होती, त्यांच्या वाटेने शहराची सर्वांत आवश्यक सेवा घरोघरी पोहोचली, असे म्हणावे लागते.

छावणीतील भूव्यवस्थेचा खरा पाया मात्र आरोग्याचा नसून मालकीचा आहे. बंगाल लष्करासाठी १८३६ मध्ये निघालेल्या गव्हर्नर जनरलच्या १७९ क्रमांकाच्या आदेशाने जी अट घातली, ती किंवा तिच्यासारखीच अट देशातील जुन्या छावण्यांत ‘ओल्ड ग्रँट’ या नावाने परिचित आहे. जमीन सरकारची, तीवरील इमारत तेवढी धारकाची. महिन्याच्या सूचनेने इमारतीची भरपाई देऊन सरकारला जागा परत घेता येईल. आणि लष्करी अधिकाऱ्याखेरीज इतर कोणास ती हस्तांतरित करावयाची झाल्यास परवानगी लागेल, हा तिचा आशय होता. १९२४ च्या अधिनियमाखाली केलेल्या भूप्रशासन नियमांनी (१९२५ व १९३७) छावणीतील सर्व जमिनीची ‘अ’, ‘ब’ व ‘क’ अशी वर्गवारी केली. ‘अ’ वर्गात लष्कराच्या उपयोगाची किंवा त्यासाठी राखलेली जमीन, ‘ब’ वर्गात लष्कराला तत्काळ न लागणारी, शासकीय खात्यांच्या वा खाजगी धारकांच्या ताब्यातील अथवा मोकळी जमीन आणि ‘क’ वर्गात बाजार, रस्ते, गटारे यांसारख्या नागरी सोयींसाठी छावणी मंडळाकडे सोपविलेली जमीन येते. प्रत्येक तुकड्याची नोंद सर्वसाधारण भूनोंदवहीत असते. रस्ता व गटार यांना जमिनीचा स्वतंत्र वर्गच देऊन टाकण्याची ही रीत लक्षणीय आहे. ‘क’ वर्गातील पट्टी कोणा धारकाच्या आवारात कधी नव्हतीच. त्यामुळे ती सोडण्याचा वा न सोडण्याचा प्रश्नच उद्‌भवत नाही.

जमीन धारकाची नसल्याने तिचे विभाजनही त्याला आपल्या मर्जीने करता येत नाही. जुन्या छावण्यांतील बंगल्यांची आवारे शंभर-दीडशे वर्षे अभंग राहिली, वृक्षराजी टिकली, रस्ते रुंद राहिले, ते यामुळे. पुष्कळ लेखक याचे श्रेय लष्करी शिस्तीला देतात. ते अर्धेच खरे आहे. शिस्त लागते ती हक्क असलेल्या माणसाला. येथे मुळात विभाजनाचा हक्कच नव्हता. या व्यवस्थेची दुसरी बाजू सदर बाजारातील घरांत दिसते. तीन-चार पिढ्यांनंतर कुटुंब वाढते, वाटणी होते, पण नोंदवहीतील क्रमांक एकच राहतो. मग घराची विभागणी आतून होते : मधली भिंत, दुसरी चूल, जिन्याखालची खोली. कर भरल्याची पावती प्रत्येकाजवळ असते. परंतु करपावती हा मालकीचा पुरावा नव्हे. कर्ज काढावयाचे, मोडकळीस आलेले घर नव्याने बांधावयाचे वा भावाचा हिस्सा विकत घ्यावयाचा, या प्रत्येक वेळी अडचण उभी राहते. रस्ता अभंग राखणाऱ्या नियमाने घर मात्र आतल्या आत दुभंगले.

नागरी कायद्याची वाट : छावणीबाहेर जमीन खाजगी मालकीची असल्याने राज्यकर्त्यांना वेगळा मार्ग शोधावा लागला. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ उद्‌भवली व १८९८ मध्ये मुंबई सुधार विश्वस्त मंडळ स्थापन झाले. जमीन संपादन करून ती आखणे व पुन्हा वाटणे हा त्याचा मार्ग अतिशय खर्चिक ठरला. म्हणून १९१५ च्या मुंबई नगररचना अधिनियमाने दुसरी युक्ती योजिली. अनेक मालकांच्या वेड्यावाकड्या जमिनी कागदावर एकत्र करावयाच्या, त्यांतून रस्ते व सार्वजनिक जागा काढावयाच्या आणि उरलेली जमीन नीटस भूखंडांच्या रूपाने मूळ मालकांना परत द्यावयाची. प्रत्येकाची जमीन थोडी घटते, पण तिला रस्ता मिळाल्याने तिचे मोल वाढते. निजामाच्या राज्यात १९०८ च्या मुसा नदीच्या महापुरानंतर १९१२ मध्ये नगर सुधार मंडळ निघाले. पण त्याचे कार्य हैदराबाद राजधानीपुरते होते, औरंगाबादच्या वाट्याला त्यातले काही आले नाही.

मराठवाडा १९५६ मध्ये मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. सबंध राज्यास लागू होणारा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ मध्ये संमत झाला. ‘विकास’ या शब्दाच्या त्यातील व्याख्येत बांधकामाबरोबरच जमिनीचे रेखांकन व उपविभाजन यांचाही समावेश आहे. म्हणजे एकही वीट न रचता केवळ चुन्याची फक्की टाकून भूखंड पाडणे हाही कायद्याच्या दृष्टीने विकासच असून त्याला नियोजन प्राधिकरणाची परवानगी लागते. त्याच वर्षीच्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने शेतजमिनीचा अकृषिक (बिनशेती) वापर करण्यासाठी जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीची तरतूद केली. हे दोन दरवाजे वेगवेगळ्या कार्यालयांत असल्याने सामान्य मालकास दोन्हीकडे खेपा घालाव्या लागल्या, हे नमूद करणे आवश्यक आहे.

रेखांकनाची रीत अशी : मालक मोजणी केलेल्या नकाशावर रस्ते, भूखंड व मोकळी जागा दाखवून प्रारंभिक मंजुरी घेतो. त्यानंतर जागेवर खुणा रोवल्या जातात, भूमी अभिलेख खाते मोजणी करते, मालक रस्ते, गटारे, जलवाहिन्या व विजेचे खांब यांची कामे पुरी करतो आणि मग अंतिम मंजुरी मिळते. राज्यातील बहुतांश क्षेत्रासाठी डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनुसार ०.४ हेक्टर व त्याहून मोठ्या क्षेत्राच्या रेखांकनात १० टक्के मोकळी जागा आणि दोन हेक्टरांपेक्षा अधिक क्षेत्र असल्यास पाच टक्के जागा सार्वजनिक सुविधांसाठी ठेवावी लागते. अंतर्गत रस्त्याची रुंदी त्याच्या लांबीप्रमाणे वाढत जाते. लांब रस्त्यावर घरे जास्त, म्हणून वाहनेही जास्त, हे त्याचे एक कारण. दुसरे कारण जमिनीखाली असते. मलवाहिनीत घाण साचू नये म्हणून सांडपाण्याचा वेग सेकंदास निदान ०.६ मी. असावा लागतो आणि त्यासाठी नळास सतत उतार द्यावा लागतो. नळ जितका लांब तितका तो खोल जातो, आणि खोल चर खणण्यास रुंद रस्ता हवा. अरुंद बोळात खोल चर खणल्यास दोन्ही बाजूंच्या घरांचे पाये उघडे पडतात.

औरंगाबादेत या कायद्याखाली सर्वांत सुबक वस्ती उभी राहिली ती ‘सिडको’ची. मार्च १९७० मध्ये स्थापन झालेल्या या महामंडळाकडे १९७० नंतरच्या दशकात नवे औरंगाबाद वसविण्याचे काम आले. जमीन संपादन करावयाची, रस्ते व सेवा आधी टाकावयाच्या आणि भूखंड व घरे भाडेपट्ट्याने द्यावयाची, ही तिची पद्धत. नीट पाहिले तर ती छावणीच्याच तत्त्वाची नागरी आवृत्ती आहे : जमीन एका हाती, म्हणून रस्ता आधी. ज्या खेड्यांची शेते त्यासाठी गेली, त्यांच्या दृष्टीने मात्र हा इतिहास वेगळ्या रीतीने लिहावा लागेल. २००६ मध्ये ही वसाहत महानगरपालिकेकडे हस्तांतरित झाली.

गुंठेवारी : गुंठा म्हणजे एकराचा चाळिसावा भाग, ३३ फुटांची बाजू असलेला चौरस, १,०८९ चौ. फूट. शेतमोजणीतील हे माप मराठवाड्यात एका प्रकारच्या शहरी वस्तीचे नाव होऊन बसले. चिकलठाणा, वाळूज येथील औद्योगिक वसाहतींमुळे १९७० नंतर शहरात कामगारांचा ओघ सुरू झाला. ८ डिसेंबर १९८२ रोजी नगरपालिकेची महानगरपालिका झाली व लगतची अठरा खेडी तीत आली. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ११.७५ लाख भरली. मंजूर रेखांकनातील भूखंड कामगाराच्या आवाक्याबाहेर होता, कारण त्याच्या किंमतीत सोडलेल्या रस्त्याची, मोकळ्या जागेची, नळांची व लागलेल्या विलंबाची किंमत मिळविलेली असे. शेतकऱ्याने किंवा मध्यस्थाने शेतातच दहा-पंधरा फुटी वाटा ठेवून एकेक, अर्धा अर्धा गुंठा मुद्रांकावर (‘बाँडवर’) लिहून दिला. तुकडेबंदीच्या १९४७ च्या कायद्याने अशा तुकड्यांची रीतसर नोंद अशक्य होती. तो कायदा शेती किफायतशीर राहावी म्हणून केलेला होता. शहराच्या कडेवर त्याने विभाजन थांबविले नाही, फक्त नोंदणी थांबविली. सात-बारावर जुन्या मालकाचे नाव तसेच राहिले.

खरेदीदारास स्वस्त मिळालेली ही जागा स्वस्त राहत नाही. पाणी टँकरचे, रस्ता मुरमाचा, सांडपाणी घरापुढच्या शोषखड्ड्यात. मलनिःसारणयुक्त शहरासाठी माणशी दररोज १३५ लिटर पाण्याचे प्रमाण धरले जाते. जेथे जलवाहिनीच नाही तेथे हे प्रमाण कागदावरच राहते. पैठणचे जायकवाडी धरण १९७६ मध्ये पूर्ण झाले व त्याचे पाणी शहरास मिळते. परंतु पाणी धरणात असणे आणि ते गल्लीत पोहोचणे यांत जे अंतर आहे ते पुष्कळसे रेखांकनाचे आहे. मजूर कुटुंबाने रस्त्याच्या जागेचे जे पैसे वाचविले, ते त्याने पुढील वीस वर्षे टँकरवाल्याला दिले.

शासनाने २००१ मध्ये गुंठेवारी विकासाच्या नियमाधीनतेसंबंधीचा अधिनियम करून १ जानेवारी २००१ पर्यंतच्या अशा विभाजनांना प्रशमन व विकास शुल्क घेऊन मान्यता देण्याची सोय केली. २०२१ च्या दुरुस्तीने ही मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत वाढविली. या उपायाविषयी दोन टोकांची मते आहेत. नियम पाळून महाग भूखंड घेणाऱ्यास तो अन्याय वाटतो, तर वस्तीतील लोकांस तो उशिरा मिळालेला न्याय वाटतो. प्रस्तुत लेखकाच्या मते नियमाधीनता अपरिहार्य होती, कारण हजारो कुटुंबांची घरे पाडणे हा पर्याय न्याय्य नव्हता व शक्यही नव्हता. तथापि तिने कागद सुधारतो, बोळ रुंद होत नाही. वसूल झालेले शुल्क त्याच वस्तीच्या रस्त्या-गटारांवर खर्च झाले, तरच या कायद्याच्या नावातील ‘श्रेणीवाढ’ या शब्दास अर्थ राहतो. मंजूर रेखांकनांत लहान व स्वस्त भूखंड नसतील, तर मुदतवाढीची पुढची मागणीही ठरलेलीच आहे.

छावणीची सद्यःस्थिती : राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील संघसूचीत छावण्यांचे सीमांकन व तेथील स्थानिक स्वराज्य हे विषय येतात. त्यामुळे महानगरपालिकेचा विकास आराखडा खाम नदी ओलांडून छावणीच्या हद्दीशी थांबतो. एकाच नाल्याचा वरचा भाग एका प्राधिकरणाकडे व खालचा दुसऱ्याकडे असे येथे घडते. पाणी ही हद्द मानत नाही. १९२४ च्या अधिनियमाची जागा घेणाऱ्या २००६ च्या छावणी अधिनियमात नगररचना व बांधकाम-नियंत्रण यांवर स्वतंत्र प्रकरण असून भूमिवापराची योजना तयार करण्याचे काम छावणी मंडळावर सोपविलेले आहे.

अलीकडे छावण्यांतील नागरी वस्ती वेगळी काढून ती लगतच्या नगरपालिका वा महानगरपालिकांत विलीन करण्याचे धोरण केंद्र सरकारने स्वीकारले. या धोरणाखाली २०२३ मध्ये हिमाचल प्रदेशातील योल येथील छावणीचा दर्जा प्रथम काढून घेण्यात आला. अशा विलीनीकरणात रस्ते, दिवे व गटारे यांचे हस्तांतरण ही सोपी बाब आहे. कठीण प्रश्न सदर बाजारातील त्या घरांचा आहे, ज्यांची जमीन नोंदवहीत सरकारची व वहिवाट चार पिढ्यांची आहे. त्यांना मालकी मिळाल्यास विभाजनाचा हक्कही मिळेल आणि दीड शतक अखंड राहिलेल्या क्रमांकांचे हिस्से पडू लागतील. त्या वेळी लागू होणारी नियमावली मोकळ्या शेतजमिनीसाठी लिहिलेली आहे. दाटीने उभ्या असलेल्या, सामाईक भिंतींच्या घरांत रुंद रस्ता व दहा टक्के मोकळी जागा कोठून काढावयाची, हे तीत सांगितलेले नाही. त्यासाठी प्रत्येक घराची मोजणी, आतल्या हिश्शांची नोंद व सफाईगल्ल्यांचे सार्वजनिक स्वरूप निश्चित करणे, ही कामे हस्तांतरणापूर्वी व्हावी लागतील.